बुनाकेन वेगळं, लेंबे वेगळं

इंडोनेशियातल्या उत्तर सुलावेसीचा बेत आखणारे बहुतेक जण विचारतात, "मनाडोचं डायव्हिंग कसं आहे?" याला उत्तर नाही. मनाडो हे विमानतळाचं शहर. तिथून बोटीने तासाभरावर बुनाकेन बेट, आणि उलट्या दिशेला रस्त्याने सुमारे 40 किलोमीटरवर बितुंग बंदर, ज्याच्या समोर लेंबेची सामुद्रधुनी. नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात, म्हणून "चार दिवस बुनाकेन आणि जमलंच तर एक दिवस लेंबे" असा हिशोब होतो. त्या एका दिवसानंतर मग ऐकू येतं: "लेंबेत काही नाही हो, नुसती काळी वाळू आणि कचरा."

बुनाकेनबद्दल फार लिहीत नाही. प्रवाळावर डायव्हिंग केलेल्याला ते पाण्यात उतरताच कळतं. 1991 पासून राष्ट्रीय सागरी उद्यान, पाच बेटं, किनाऱ्यापासून जरा पुढे गेलं की सरळ खाली सुटणारे कडे. लेकुआन या डायव्हच्या जागी कड्यांच्या खोबणीत झोपलेली कासवं दिसतात. 1998 मध्ये मनाडो तुआजवळ कोळ्यांच्या जाळ्यात सीलाकँथ, म्हणजे एकेकाळी नामशेष मानलेला प्राचीन वंशाचा मासा, सापडला, तोही इथलाच. पण तो शंभर मीटरहून खोल पाण्यातला मासा. त्याचं चित्र छापून सहली विकणाऱ्यांना काय म्हणावं!

दृश्यमानतेवरून तुलना करणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात. बुनाकेनला 20-30 मीटर दिसतं, लेंबेला बऱ्याचदा 10 मीटरच्या आसपास. खरं आहे, आणि बिनमहत्त्वाचं आहे. दोन सेंटिमीटरचा समुद्रघोडा बघायला 30 मीटर दिसून काय करायचंय? हंगामाचंही तसंच. डिसेंबर ते फेब्रुवारी बुनाकेनच्या बाजूला समुद्र खवळतो, लेंबे आडोशाला असल्याने तिथे बाराही महिने पाण्यात उतरता येतं. झालं, एवढंच.

खरी गल्लत होते ती डायव्ह कशी करायची यात. बुनाकेनला तुम्ही वाहता. प्रवाह कड्याच्या कडेने नेतो, बोट वरून मागोमाग येते, आणि तुमचं काम म्हणजे खोली सांभाळणं. खाली तळच नाही, त्यामुळे 18 मीटरवर आहोत असं वाटत असताना खोलीमापक 27 मीटर दाखवतो. थोडं वर-खाली झालात तरी बाकी कुणाचं बिघडत नाही, समोरचं दृश्य हलत नाही. वाटाड्या साधारण असला तरी कडा आपलं काम करतोच.

लेंबेला थांबावं लागतं. ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचा उतार, त्यावर एखादी बाटली, एखादा स्पंज, आणि एवढ्याशा जागेत तासभर. हेअरबॉलसारख्या ठिकाणी वाटाड्या बोट दाखवतो तिथे तुम्हाला शेवाळाचा झुपका दिसतो. तुम्ही मान हलवता, मनात म्हणता, बरं. मग झुपक्याच्या पुढच्या टोकावर एक किड्यासारखं काहीतरी वळवळतं, आणि लक्षात येतं की ते फ्रॉगफिश या दबा धरून बसणाऱ्या माशाचं आमिष आहे, खाली तोंड आहे, वर डोळा तुमच्याकडे बघतोय. हे बघताना तुमचं पोट वाळूपासून हातभर वर हवं, आणि तसंच राहायला हवं. सायकल मारल्यासारखे पाय हलवलेत की गाळ उठलाच. मागच्या चौघांची डायव्ह तिथेच संपते. त्यामुळे माझ्या मते लेंबे हे खोल नसलं तरी नवशिक्यांचं ठिकाण नाही. बहुतेक डायव्ह 25 मीटरच्या आतच होतात, आणि नेमकं त्यामुळेच लोक फसतात. खोलीचा अनुभव इथे कामाला येत नाही, स्थिर राहण्याचा येतो. मागे सरकायची किक येत नसेल तर आधी ती शिका.

दुसरं असं की लेंबेला जागा निवडण्यापेक्षा वाटाड्या निवडा. नकली रूपं घेणारा मिमिक ऑक्टोपस, रंग उधळणारी फ्लॅम्बॉयंट कटलफिश, आपली आपण सापडत नाहीत. एका वाटाड्यामागे दोघं-तिघं, याहून जास्त लोक घेणाऱ्याकडे जाऊ नका. आणि फोटोसाठी काठीने प्राणी टोचून "पोझ" द्यायला लावणारा असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. निळ्या वलयांचा ऑक्टोपस वलयं चमकवतो तेव्हा तो घाबरलेला असतो, नटलेला नाही. शिवाय तो माणूस मारण्याइतका विषारी आहे.

आता रस्त्याने येणाऱ्यांसाठी. सुलावेसीच्या दक्षिणेकडच्या मकास्सरहून तोराजा, टेंटेना, आम्पाना, तिथून तोगियन बेटांवरच्या वाकाईची फेरीबोट, मग रात्रभराच्या फेरीबोटीने गोरोंतालो आणि तिथून दिवसभर गाडीने मनाडो, हा मार्ग धरलात तर तोगियन बेटांवर प्रवाळाचं डायव्हिंग तुमचं होऊन गेलेलं असेल. तिथे दुसऱ्या महायुद्धात बुडालेलं बी-24 बॉम्बफेकी विमानही आहे. अशांनी बुनाकेनला दोन दिवस द्यावेत आणि उरलेले सगळे लेंबेला. थेट विमानाने येणाऱ्यांनी आधी बुनाकेन, मग लेंबे. हात-पाय पाण्याला सरावतात, आणि परतताना विमानतळ बितुंगच्याच बाजूला पडतो. लेंबेला तीन दिवसांपेक्षा कमी देणार असाल तर जाऊच नका.

शेवटच्या डायव्हनंतरचा मोकळा दिवस तोमोहोनच्या डोंगरात घालवायचा बेतही हमखास ऐकू येतो. "विमान उद्या संध्याकाळी आहे, 18 तास होतात की!" विमानाचे होतात, डोंगराचे नाही. डायव्हनंतर लगेच उंचावर गेलं तर शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होण्याचा धोका असतो, म्हणून थांबायचं. अनेक डायव्हनंतर 18 तास थांबायचा सल्ला साधारण 600 मीटरच्या वर जाण्यासाठी आहे, मग विमानाने जा की गाडीने. तोमोहोनजवळच्या माहावू ज्वालामुखीचं विवर 1,300 मीटरच्या आसपास आहे. डोंगर बघायचा तर पहिल्या डायव्हच्या आधी बघा.