मेलाटोनिनची रातपाळी

सोलापूरच्या पूर्व भागात रात्रपाळीत यंत्रमागापुढे उभ्या असलेल्या कामगाराच्या मेंदूला ट्यूबलाइटच्या उजेडात अजून दिवसच आहे असे वाटत असते. त्यामुळे एका रसायनाचा पुरवठा आखडतो. ते म्हणजे मेलाटोनिन. अंधार पडला की मेंदूच्या मध्यभागातली जेमतेम पाऊण सेंटिमीटरची पीनियल ग्रंथी ते रक्तात सोडू लागते. पहाटे दोन ते चारच्या सुमारास ते सर्वाधिक असते. डोळ्यांवर पडलेला उजेड, त्यातही निळसर, ते दाबतो.

1958 साली येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी गाईगुरांच्या पीनियल ग्रंथींतून हे रसायन वेगळे केले. त्यांना हवा होता कोडावर उपाय. हाती आले बेडकाची कातडी फिकट करणारे द्रव्य! पुढे झोपेशी त्याचे नाते जुळले आणि तीच त्याची ओळख झाली. 1993 मध्ये टेक्सासमधल्या रसेल रायटर यांच्या गटाने त्याचे दुसरे काम दाखवले: हायड्रॉक्सिल या अत्यंत विध्वंसक फ्री रॅडिकलला, म्हणजे पेशींची मोडतोड करणाऱ्या अतिक्रियाशील कणाला, ते निष्प्रभ करते.

मेंदूला याची गरज मोठी. वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन घेतो सुमारे वीस टक्के. शिवाय त्याच्या पेशींची आवरणे अशा मेदाची, की ऑक्सिडेशनने ती चटकन खराब होतात. रक्तातून मेंदूत शिरताना बहुतेक रसायने अडवली जातात. मेलाटोनिन सहज आत जाते. ते स्वतः खर्ची पडते तेव्हा उरणारे पदार्थही फ्री रॅडिकल टिपतात, हे मला सर्वांत नवलाचे वाटते. वर शरीराची स्वतःची संरक्षक एन्झाइम्सही ते वाढवते.

आता सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत या. किडींवरच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांनी मज्जातंतूंमधले एक एन्झाइम बंद पडते आणि ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचे निरोप पोचवणारे रसायन साचत जाते. मग लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, शेवटी आकडी. आकडीच्या त्या गदारोळात मेंदूत फ्री रॅडिकलही उसळतात. उंदरांवरच्या प्रयोगांत मेलाटोनिन दिल्यावर हे नुकसान कमी झालेले दिसले आहे.

मात्र त्या प्रयोगांत मात्रा बऱ्याचदा किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या घरातली असते. उंदराचा हिशेब माणसाला लावताना सुमारे सहाने भागतात. तरी साठ किलोच्या माणसाला शंभर मिलिग्रॅम होतात. दुकानातली गोळी तीन-पाच मिलिग्रॅमची. तेव्हा ‘मेंदूचे कवच’ म्हणून ती विकणाऱ्या जाहिराती मला तरी पटत नाहीत.

फवारणी करणाऱ्याला हातमोजे आणि योग्य मास्कच लागतो. नाकाला बांधलेला सोलापुरी टॉवेल औषधाने भिजला, की तेच विष कातडीला चिकटवून ठेवतो. विषबाधा झालीच तर भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवायचे आणि दवाखाना गाठायचा. तिथे उपचार ॲट्रोपिनने सुरू होतो. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे, म्हणजे नेमके कोणते विष ते डॉक्टरांना लगेच कळते.