वेक आणि मिडवे: तारीख एक दिवस पुढे, मध्ये तास साडेपाच

वेक आणि मिडवे ही प्रशांत महासागरातली अमेरिकेची दोन छोटी बेटं. मिडवेचं पुराण लावत नाही. जून 1942, जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, बेट अमेरिकेकडेच राहिलं. हे सगळ्यांना पाठ असतं. वेकही तसंच कंकणद्वीप (कड्यासारखं प्रवाळ बेट), पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा थांबा, मग लष्करी धावपट्टी. फक्त ते 23 डिसेंबर 1941 ला पडलं आणि युद्ध संपेपर्यंत जपानकडे राहिलं. आणि कृपा करून त्याला हवाई बेटांच्या रांगेत बसवू नका, तिथे मिडवे आहे.

खरा घोळ तारखेचा. ‘जपानचा हल्ला हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर 7 डिसेंबर 1941 ला, वेकवर 8 ला. अख्खा दिवस हाताशी असून विमानं उघड्यावर ठेवली!’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते, तिच्या पश्चिमेला तारीख एक दिवस पुढे! मिडवे 177 अंश पश्चिम रेखांशावर, पर्ल हार्बरही रेषेच्या त्याच बाजूला; वेक 166 अंश पूर्व रेखांशावर. पर्ल हार्बरवर रविवारी सकाळी आठच्या सुमारास बॉम्ब पडले, तेव्हा वेकवर सोमवारची सकाळ होती, साधारण साडेसहाची. वेकवर बॉम्ब पडले त्याच दुपारी बाराला. म्हणजे साडेपाच तास!

तेवढ्यात काय होणार? वेकवर वाइल्डकॅट ही अमेरिकी लढाऊ विमानं येऊन चारच दिवस झालेले. बारापैकी चार गस्तीवर, आठ जमिनीवर. त्यांना झाकायला आडोसे अजून तयार नव्हते. रडार नव्हतं. पावसाच्या सरीआडून 36 जपानी विमानं आली, आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या गाजेत इंजिनांची घरघर कुणाला ऐकूच आली नाही. जमिनीवरची सात विमानं गेली. याला गाफीलपणा म्हणणाऱ्यांनी 11 तारीखही वाचावी: उडण्याजोगी उरलेली चार विमानं आणि किनाऱ्यावरच्या तोफा यांनी जपानच्या दोन विनाशिका बुडवल्या, ‘हायाते’ आणि ‘किसारागी’.

मिडवेवर तोफा डागल्या गेल्या 7 तारखेच्या रात्री. कॅलेंडरात वेकच्या आधी, प्रत्यक्षात कित्येक तास नंतर. म्हणून मी वेकच्या तारखेशेजारी वार लिहितोच.

पटत नसेल तर पॅन ॲमचं ‘फिलिपिन क्लिपर’ बघा. हल्ल्यात अंगावर गोळ्यांची भोकं पडलेलं ते विमान 8 तारखेच्या दुपारी वेकहून उडालं. मिडवेला उतरलं तेव्हा तिथे 7 तारखेची रात्र होती.