चमचाभर तेलाचा हिशेब

न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात स्थूलतेवर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे काही माणसं एकच तक्रार घेऊन येत : दिवसाला १२०० कॅलरींपेक्षाही कमी खातो, तरी वजन हलत नाही. आपल्याकडे हीच तक्रार ‘मला मेलं पाणीसुद्धा अंगी लागतं’ अशी ऐकू येते. स्टीव्हन लिक्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १० जणांची कसून तपासणी केली आणि १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चयापचयात कुणाच्याच दोष नव्हता. तफावत होती ती वहीत लिहिलेल्या आणि पोटात गेलेल्या अन्नात. ही माणसं खाणं सरासरी ४७ टक्के कमी नोंदवत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त.

हे पकडलं कसं, ते मोठं मजेशीर आहे. त्यांना प्यायला जे पाणी दिलं, त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड रूपं मिसळलेली होती. ती किरणोत्सारी नसतात, त्यामुळे अपाय काही नाही. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो फक्त पाण्यावाटे, म्हणजे लघवीतून, घामातून, वाफेतून. जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून दोघांच्या घटण्यातला फरक काढला की शरीराने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं, आणि त्यावरून किती ऊर्जा जाळली तेही. त्या काळात वजन आणि अंगातली चरबी किती बदलली हे माहीत असलं, की खाल्लं किती याचाही हिशेब लागतो. प्रश्नावलीला थापा मारता येतात, या पाण्याला नाही. अर्थात ती माणसं मुद्दाम थापा मारत होती असं मानायचं कारण नाही. आपला अंदाजच मुळात कच्चा असतो, तुमचा आणि माझाही.

म्हणून आहार, व्यायाम आणि वजन यांबद्दल कुठलंही पुस्तक, अ‍ॅप, व्हिडिओ किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्ता समोर आला की मी एकच गोष्ट बघतो : यातून काही मोजायला मदत होते, की नुसतं आश्वासन मिळतं? ‘सात दिवसांत पोट सपाट’वाली सगळी मंडळी या चाळणीत पहिल्या झटक्यात गळतात.

मोजायचं तर कोष्टक हवं, आणि ते आपल्या अन्नाचं हवं. या बाबतीत आपण सुदैवी आहोत. १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगावर संशोधन सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे एका खोलीची प्रयोगशाळा होती. त्यांच्यानंतर आलेल्या वॉलेस एक्रॉइड यांनी १९३०च्या दशकात भारतीय धान्यं, डाळी, भाज्या यांच्या पोषणमूल्यांची कोष्टकं छापली. पुढे १९५८ साली ही संस्था हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. तिने २०१७ साली नवी कोष्टकं काढली. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थ प्रयोगशाळेत तपासले, तेही नव्याने. परदेशी अ‍ॅपवर ‘आमटी’ शोधली तर कुणा अनोळखी माणसाने भरलेल्या निरनिराळ्या नोंदी निघतात, त्यातली खरी कुठली ते देव जाणे. त्यापेक्षा याच संस्थेचं ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे अ‍ॅप बरं.

कोष्टक हातात आलं की काही लाडक्या समजुतींना धक्के बसतात. ‘पोळी बंद केली, आता भाकरीच खातो’ हे वाक्य आपल्याकडे वजन उतरवण्याच्या संकल्पाबरोबर हमखास येतं. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ३३४ कॅलरी असतात, १०० ग्रॅम कणकेत ३२०. तंतूंचं प्रमाण दोन्हीकडे १० ते ११ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ग्रॅमला ग्रॅम ठेवलं तर ज्वारीच किंचित वरचढ! शिवाय मध्यम भाकरीला ५० ग्रॅम तरी पीठ लागतं, घडीच्या पोळीला ३०. भाकरीच्या १६७ कॅलरी झाल्या, पोळीच्या ९६. मग भाकरीचा फायदा काहीच नाही का? आहे, पण तो ज्वारीत नसून थापण्यात आहे : भाकरीला तेल लागत नाही. पोळीच्या घडीत, पिठात आणि वरून मिळून चहाचा एक चमचा तेल गेलं तर तिथे ४० कॅलरी वाढतात. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवलात की हाही फायदा संपला. (लोण्याशिवाय भाकरी खाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण हेवा नाही.)

साबुदाण्याबद्दल काय बोलावं! तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममागे प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. खिचडीतली प्रथिनं सगळी शेंगदाण्याच्या कुटाची, आणि शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ५२० कॅलरी. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांनी कोष्टक पाहिलं नव्हतं, पण त्यांचं गणित चोख होतं.

आता तेल. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, वजनाने साधारण १४ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅममागे ९ कॅलरी, म्हणजे चमचाभर तेलाच्या सव्वाशेच्या आसपास. फोडणीला तेल ओतताना हात जरा सैल सुटला की एवढा चमचा कधी पडला ते कळतही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये १७ मार्गदर्शक तत्त्वांची पुस्तिका प्रसिद्ध केली. ती संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. २००० कॅलरींच्या आहारात वरून घालायचं तेल-तूप दिवसाला २७ ग्रॅम असावं, असं तिच्यातल्या ताटात दाखवलं आहे. महिन्याचे माणशी ८१० ग्रॅम झाले. चौघांच्या घरात तूप-लोणी धरून सव्वातीन किलो. प्रत्येक फोडणी मोजत बसायला नको, महिन्याच्या किराणा यादीत तेलाच्या पिशव्या किती आणि तुपाचा डबा केवढा एवढं पाहिलं तरी पुरे. त्याच ताटात भाज्या ४०० ग्रॅम आहेत. भाजी निवडून झाल्यावर एकदा काट्यावर ठेवून बघा. आपण ‘भरपूर भाजी खातो’ म्हणतो ती बहुतेकदा निम्म्यावर येते.

समजा, रोज एक मोठा चमचा तेल कमी केलं. १२० कॅलरी धरू. किती वजन उतरेल? १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की या डॉक्टरांनी मांडलेला आणि अजूनही जिकडेतिकडे छापला जाणारा हिशेब असा की ७७०० कॅलरी वाचवल्या की एक किलो उतरतं. त्या हिशेबाने वर्षाला साडेपाच-पावणेसहा किलो, आणि १० वर्षांत ५७ किलो. मग माणूस उरणार किती? गोम अशी की वजन घटलं की शरीराचा खर्चही घटतो. लहान शरीर चालवायला, हलवायला, नुसतं बसवून ठेवायलाही कमी ऊर्जा लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल यांनी २०११ साली हे गणितात बसवलं. त्यांचा ढोबळ नियम : रोजच्या खाण्यातून कायमच्या २४ कॅलरी कमी केल्या तर शेवटी एक किलो उतरतं, त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, जवळपास सगळं तीन वर्षांत. म्हणजे आपला चमचा शेवटी पाच किलो देणार, पण पहिल्या वर्षी अडीचच. हॉल यांचं ‘बॉडी वेट प्लॅनर’ इंटरनेटवर विनामूल्य वापरता येतं. वय, उंची, वजन आणि हालचाल भरली की ते सरळ रेघ न दाखवता हळूहळू सपाट होत जाणारी वक्ररेषा दाखवतं. सहाव्या महिन्यात वजन अडलं म्हणून आहार सोडून देणाऱ्यांनी ती रेघ आधी पाहिलेली असती तर निम्मी निराशा वाचली असती, असं मला वाटतं.

व्यायामाच्या बाजूने पाहू. ७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या चालीने अर्धा तास चालला तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. पुन्हा तोच चमचा! त्यातही ३५ कॅलरी तर घरी बसूनही जळल्या असत्या. टेकडी चढून आल्यावर तर्रीदार मिसळ हाणण्याच्या पुणेरी प्रथेबद्दल यापेक्षा जास्त लिहायला नको. मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका, हेही सांगायला हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर अशी सात उपकरणं तपासली गेली. हृदयाचे ठोके सहा उपकरणांनी छान मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगलं घड्याळ सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. घड्याळाकडून ठोके आणि पावलं घ्यावीत, कॅलरींचा आकडा सोडून द्यावा. चालणं मात्र सोडू नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सांगते, ते हृदय, रक्तातली साखर, झोप आणि मन यांच्यासाठी. वजन हा त्यातला छोटा भाग.

वजनाचा काटासुद्धा आपल्या लोकांना अर्धंच सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडीने फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त, आणि ती बरीचशी पोटात, ही आपली शरीररचना आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ऐवजी २३वर आणली गेली. एखादं अ‍ॅप २४ला हिरवा रंग दाखवत असेल तर ते आपल्यासाठी बनलेलं नाही. शिंप्याची टेप त्याहून कामाची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजायचं. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक. पँटचं माप यात धरू नये, ती पोटाखाली घातलेली असते.

राहता राहिला महाराष्ट्राचा आवडता वाद, दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. चीनमधल्या ग्वांगझूत १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना कॅलरी कमीच दिल्या होत्या, पण एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खाल्लं. त्यांचं वजन ८ किलोने उतरलं, दुसऱ्या गटाचं ६.३ किलोने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगानेही पडलेला असू शकतो. घड्याळाचा काटा पाहून जेवल्याने ज्याचं अधूनमधून चरणं थांबतं त्याला तो नियम लाभतो, इतकं खरं. मात्र मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. अशांनी व्हिडिओ पाहून काहीही सुरू करू नये.

आहारतज्ज्ञ शोधताना पाटीवरच्या ‘न्यूट्रिशनिस्ट’ या शब्दापेक्षा शिक्षण आणि नोंदणी विचारा. इंडियन डायटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ अशी नोंदणी करते. पहिल्या भेटीला आठवडाभराची खाण्याची वही, औषधांची यादी आणि कंबरेचं माप घेऊन जा. समोरच्या व्यक्तीने वही न उघडताच पावडरचा डबा पुढे केला, तर दुसरी भेट ठरवायचं कारण नाही.