यूडीपी पोर्टची तपासणी

यूडीपी पोर्टची तपासणी : एखादी जालसेवा ठरावीक यूडीपी पोर्ट (संगणकावर सेवेला मिळालेले क्रमांकाचे दार) धरून बसली आहे का आणि तिथे आलेले डेटाग्राम (यूडीपी या जोडणी न जुळवता माहिती पाठवणाऱ्या प्रोटोकॉलची सुटी पॅकेटे) तिच्यापर्यंत पोचतात का, हे ठरवण्याची कृती. टीसीपी या आधी जोडणी जुळवणाऱ्या प्रोटोकॉलच्या बाबतीत हे काम सोपे आहे. जोडणीची विनंती पाठवली की पोर्ट उघडे असल्यास होकार येतो, बंद असल्यास नकार येतो. आणि हे उत्तर सेवा नव्हे, तर समोरच्या संगणकाचे कर्नलच (कार्यप्रणालीचा गाभा) देत असल्यामुळे सेवा कोणती हे ठाऊक नसले तरी अडत नाही. यूडीपीत असा होकार देणारे कोणीच नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये इंटरनेटच्या आरएफसी या दस्तऐवजमालेतील ७६८ क्रमांकाच्या, अवघ्या तीन पानांच्या दस्तऐवजात मांडलेल्या या प्रोटोकॉलचे शीर्ष ८ बाइटांचे असते. पाठवणाऱ्याचे पोर्ट, घेणाऱ्याचे पोर्ट, लांबी आणि चेकसम (मजकूर बिघडला का हे पडताळणारा आकडा) एवढेच त्यात मावते. पोच देण्याची सोय त्यात नाही.

खरे म्हणजे पोर्टवर येणाऱ्याची वाट पाहणे या अर्थाचा ‘ऐकणे’ हा शब्दही यूडीपीने टीसीपीकडून उसना घेतलेला आहे. टीसीपी सेवेला सॉकेट (प्रोग्रामचे जाळ्याशी जोडणारे टोक) पोर्टशी बांधल्यावर ऐकण्यासाठी वेगळा सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलला विनंती, करावा लागतो. यूडीपीत सॉकेट बांधले की झाले. म्हणून लिनक्सवर सॉकेटांची यादी देणारी ‘एसएस’ ही आज्ञा यूडीपी सॉकेटची स्थिती ‘लिसन’ (ऐकत आहे) अशी न दाखवता ‘अनकॉन’ (न जोडलेले) अशी दाखवते, आणि सेवा उत्तम चालू असतानाही नवखा माणूस बुचकळ्यात पडतो.

बाहेरून तपासताना तीन गोष्टी घडू शकतात. सेवेचे उत्तर आले तर पोर्ट उघडे आहे, यात वाद नाही. पोर्टवर कोणी नसेल, तर समोरचे कर्नल सहसा ‘पोर्ट अप्राप्य’ असा आयसीएमपी (जाळ्यातील अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) संदेश परत पाठवते. आयपी या इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीत तो प्रकार ३, संकेत ३ असा असतो, तर सहाव्या आवृत्तीत प्रकार १, संकेत ४ असा. (पॅकेटचा मार्ग दाखवणाऱ्या ट्रेसराउटची जुनी पद्धत याच नकारावर उभी आहे : ३३४३४ पासून पुढच्या पोर्टांवर कोणी बसलेले नसणार, हे गृहीत धरूनच ती आपला मुक्काम ओळखते.) तिसरी शक्यता म्हणजे काहीच न येणे, आणि सगळी अडचण तिथेच आहे. पॅकेट वाटेत हरवले असेल, फायरवॉलने गिळले असेल, नकार निघूनही परतीच्या वाटेवर अडला असेल, किंवा सेवेला पॅकेट मिळूनही ते उत्तर देण्याजोगे वाटले नसेल. बाहेरून या चारही गोष्टी सारख्याच दिसतात. एनमॅप हे स्कॅनर अशा पोर्टाला ‘उघडे किंवा गाळलेले’ (म्हणजे फायरवॉलने अडवलेले) असा जोडशेरा देते, आणि तो टाळाटाळीचा वाटला तरी प्रामाणिक आहे. त्यात भर म्हणजे नकारांच्या संख्येवरही कर्नल मर्यादा घालते. सेकंदाला एकच नकार मिळत असेल, तर ६५,५३६ बंद पोर्टे तपासायला अठरा तासांहून अधिक वेळ लागतो.

नेटकॅट या जाळे तपासण्याच्या साधनाच्या निकालावर मात्र सर्वांत जास्त लोक फसतात. यूडीपी आणि नुसती तपासणी हे दोन पर्याय एकत्र दिले, तर त्याची प्रचलित आवृत्ती काही बाइट पाठवते आणि कर्नलकडून चूक कळली नाही तर ‘जोडणी यशस्वी’ असे छापते. म्हणजे नकार आला नाही, एवढ्यालाच ती यश समजते. सगळी पॅकेटे गुपचूप टाकून देणाऱ्या फायरवॉलमागचे कोणतेही पोर्ट या हिशेबाने उघडेच ठरते. उलट ‘जोडणी नाकारली’ असा संदेश आला, तर तो विश्वासार्ह मानायला हरकत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे सेवेशी तिच्याच भाषेत बोलणे. पोर्ट १२३ वरील एनटीपी या वेळसेवेला ४८ बाइटांचे पॅकेट पाठवावे. पहिला बाइट ३५ आणि उरलेले ४७ शून्य. सेवा जागी असेल आणि तिने आपल्याला मज्जाव केलेला नसेल, तर उलट ४८ बाइट येतात, आणि सर्व्हरचे घड्याळ जुळलेले असल्यास त्यांतला पहिला बाइट बहुधा ३६ असतो. पोर्ट ५३ वरील डीएनएस या नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सेवेला एखादे नाव विचारले की काम भागते. पोर्ट ४४३ वरील क्विक या यूडीपीवर चालणाऱ्या प्रोटोकॉलला (आरएफसी ९०००, मे २०२१) मुद्दाम अनोळखी आवृत्तीचे, पण किमान १,२०० बाइटांचे पॅकेट दिले, तर सर्व्हर आपल्याला ठाऊक असलेल्या आवृत्त्या कळवतो. सगळ्याच सेवा इतक्या बोलक्या नसतात. पोर्ट ५१४ वरील, यंत्रांच्या नोंदी गोळा करणारे सिसलॉग नुसते घेते, परत काही देत नाही. यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या एसएनएमपी या सेवेला चुकीची कम्युनिटी स्ट्रिंग (तिचा परवलीचा शब्द) दिली तर ती गप्प राहते, आणि वायरगार्ड ही व्हीपीएन सेवा तर किल्ली न पटलेल्या कोणालाही आपले अस्तित्व जाणवू देत नाही. अशा ठिकाणी बाहेरून डोके आपटण्यात अर्थ नाही.

सर्व्हरवर प्रवेश असल्यास तपासणी आतूनच सुरू करावी. लिनक्सवर ‘एसएस’ आणि विंडोजवर ‘नेटस्टॅट’ कोणत्या प्रोसेसने कोणते पोर्ट धरले आहे ते दाखवतात. तिथे पोर्टाइतकाच त्याच्या आधीचा पत्ता महत्त्वाचा असतो : १२७.०.०.१ ला बांधलेली सेवा त्याच संगणकापुरती असते आणि बाहेरून ती कधीच सापडणार नाही. ‘एसएस’मधला ‘रिसीव्ह-क्यू’ हा स्तंभही पाहावा. तो आकडा चढत असेल, तर पॅकेटे येत आहेत, पण प्रोसेस ती उचलत नाही. पॅकेट यंत्रापर्यंत पोचले का, हे जाळ्यावरची पॅकेटे टिपणाऱ्या टीसीपीडम्पने कळते. मात्र लिनक्सवर ते येणारे पॅकेट आयपी-टेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या गाळणीआधीच टिपते, त्यामुळे तिथे दिसलेले पॅकेट सेवेला मिळालेच असे नाही. आणि टीसीपीडम्पमध्ये उत्तर निघताना दिसूनही ग्राहकाला ते मिळत नसेल, तर उत्तरावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता तपासावा. अनेक पत्ते असलेला सर्व्हर कधी कधी भलत्याच पत्त्यावरून उत्तर देतो, आणि ग्राहकाने आपले सॉकेट एका पत्त्याशी जोडून ठेवले असेल, तर त्याचे कर्नल ते उत्तर परके समजून टाकून देते.