पणजोबांची लष्करातली नोंद काढताना अर्ज कुठे अडतो

‘आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. गाव खेड तालुक्यात. त्यांची माहिती मिळावी ही नम्र विनंती.’ अशा अर्जांची उत्तरं मी पुष्कळ पाहिली आहेत. उत्तर एका ओळीचं असतं: अभिलेख उपलब्ध नाही. घरचे समजतात, कागद जळाले किंवा साहेबांनी लंडनला नेले. पण त्या अर्जावरून कुणालाच काही शोधता आलं नसतं. जुन्या लष्करी नोंदी नाव-गावाप्रमाणे लावलेल्या नाहीत. त्या पलटण आणि पलटणीतला नंबर या दोन गोष्टींवर लावलेल्या आहेत.

त्यातही नंबर एकटा चालत नाही. त्या काळात प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे असत. एकच चार आकडी नंबर १०३ मराठामध्ये एकाचा आणि ११० मराठामध्ये दुसऱ्याचाच असू शकतो. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी हे दोन्ही हाती हवेत, आणि ते शोधायची जागा म्हणजे आपलंच घर.

सगळ्यात आधी पदकं बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर तीच माहिती पाठीमागे असते. पदक चिंचेने किंवा राखेने घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात. भिंग घ्या, तिरपा उजेड पाडा आणि मोबाइलवर फोटो काढा. राजाचा चेहरा असलेलं पदक चांदीऐवजी ब्राँझचं निघालं, तर पणजोबा बहुधा लेबर कोअरमध्ये, म्हणजे मजुरीची कामं करणाऱ्या दलात होते. ‘नातेवाइकांना मिळालेली मोठी पितळी थाळी’ म्हणून जी घरोघर दाखवतात, ती साधारण १२ सेंटिमीटरची ब्राँझची स्मृतिफलक-थाळी. तिच्यावर फक्त नाव असतं, नंबरही नाही आणि पलटणही नाही. तिचा फोटो जोडून पाठवलेले अर्ज म्हणूनच परत येतात.

पदकं विकली गेली असतील, आणि अनेक घरांत ती विकली गेली आहेत, तर पत्रं शोधा. इथे एक चूक वारंवार होते: सगळे आपल्याच घराचा माळा धुंडाळतात. पती गेल्यावर पणजी माहेरी राहिली असेल तर पेन्शनचा कागद आणि पत्रांचं गाठोडं तिच्याबरोबर गेलं. तिच्या भावाच्या नातवंडांना विचारा. त्याच पलटणीत गावचा दुसरा कुणी होता का, तेही विचारा. एकाच्या पत्रात चार जणांची खुशाली लिहिलेली असायची.

पत्र मिळालं तर आधी पाकीट आणि शिक्के बघा. ‘आय. ई. एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी पाठवलेली भारतीय फौज) या अक्षरांनंतरचं एक अक्षर आघाडी सांगतं. ए म्हणजे फ्रान्स, डी म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. पत्ता लिहिताना पलटण आणि नंबर घालावाच लागे, म्हणून आत नुसतं ‘तीर्थरूपांस साष्टांग नमस्कार’ असलं तरी पाकीट सोन्याच्या मोलाचं आहे. मजकूर मोडीत असेल तर घाबरू नका. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग होतात. तिथे शिकलेली माणसं वाचून देतात. आणि कृपा करून पत्र लॅमिनेट करू नका. तो कागद मग कुणालाच नीट तपासता येत नाही.

घरात लेखी काहीच नाही, पण आजी ‘जंगी पलटण’ म्हणायची? तेही चालेल. जंगी पलटण म्हणजे १०३ मराठा, काळी पांचवी म्हणजे १०५. पण १९२२ साली सगळे आकडे बदलले. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी अनुक्रमे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. १९१६ च्या माणसासाठी ‘फर्स्ट मराठा’ लिहून अर्ज केला की तो चुकीच्या रजिस्टरात शोधला जातो. अर्जात दोन्ही नावं लिहा, जुनं आणि नवं.

पणजोबा परत आले नसतील, तर अर्जाआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा. तिथे पैसे लागत नाहीत आणि नातं सिद्ध करावं लागत नाही. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा आहे. फक्त स्पेलिंग इंग्रज कारकुनाचं आहे. पवार तिथे पोवार असतील, जाधव जादाव असतील. जिल्हेही जुने आहेत: रायगड म्हणजे कुलाबा, आजच्या सिंधुदुर्गातलं गाव रत्नागिरीखाली, सांगलीकडचं बरंचसं साताऱ्याखाली. आडनावाने सापडलं नाही तर पलटण आणि गाव घालून पाहा.

एक गोष्ट मला नेहमी खटकते, ती सांगून ठेवतो. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक जणांची स्मृती आहे, पण साध्या भारतीय शिपायांची नावं दगडावर कोरलीच नाहीत. पलटणीखाली फक्त संख्या. नावं रजिस्टरात आहेत. म्हणून ‘स्मारकाच्या फोटोत आमचं नाव नाही’ म्हणून शोध सोडू नका. आपल्याकडच्या गावांतल्या संगमरवरी पाट्यांचंही तेच: या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. आकडा आहे, माणूस नाही.

मेसोपोटेमियातल्या कुतला तुर्कांच्या वेढ्यात सापडलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि आतले शिपाई युद्धकैदी झाले. ‘पणजोबा १९१६ नंतर कळलेच नाहीत’ असं घरी सांगत असतील, तर इंटरनॅशनल रेडक्रॉसचं पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांचं दफ्तरही पाहा. तेही ऑनलाइन आणि मोफत आहे.

आता मुख्य अर्ज. मराठा पलटणींसाठी बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड कार्यालय, सॅपर्ससाठी, म्हणजे लष्करी इंजिनिअर दलासाठी, खडकीचं बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं. महार रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, पण ती रेजिमेंट १९४१ ची. पहिल्या महायुद्धातली १११ महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली, म्हणून त्या घरांनी जिल्ह्याच्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या दफ्तरांवर जास्त भर द्यावा.

अर्ज माहितीच्या अधिकारात करा आणि ‘माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. नंबर, नाव, पलटण लिहून ‘शीट रोलची आणि ती नसल्यास लाँग रोलमधील नोंदीची साक्षांकित प्रत’ मागा. शीट रोल म्हणजे त्या एका शिपायाच्या सेवेची नोंद. ‘ती नसल्यास’पासूनचा भाग विसरू नका. पेन्शन न मिळालेल्यांची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायचा लष्कराचा नियम आहे. ती गेली तरी लाँग रोल, म्हणजे पलटणीची नावनिशी, बऱ्याचदा राहिलेली असते. पण मागितल्याशिवाय ती कुणी आपण होऊन काढून देत नाही.

पैशांचा घोळ हमखास होतो. राज्य सरकारच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चालतं, म्हणून लोक इथेही तेच चिकटवतात. लष्कर केंद्राकडे येतं. तिथे कोर्ट फी तिकीट चालत नाही; दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. अर्जदार भारताचा नागरिक हवा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या चुलतभावाच्या नावाने अर्ज करू नका, तो फेटाळला जातो.

‘वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून नकार आला तर तिथेच थांबू नका. कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींना ती सबब लागू होत नाही. हे वाक्य अपिलात जसंच्या तसं लिहा. अपिलाची मुदत तीस दिवस आहे, पण ती उत्तर हाती पडल्यापासून मोजायची, अर्ज केल्यापासून नाही. उत्तरच आलं नाही, तर त्यासाठीचे तीस दिवस संपल्यावर पुढचे तीस दिवस तुमचे. चुकीचं मोजून ‘मुदत गेली’ म्हणत हातातला कागद सोडून दिलेली घरं मी पाहिली आहेत. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा.

नातं दाखवायला गावचा नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, शाळेचं रजिस्टर आणि जमिनीचे फेरफार उपयोगी पडतात. तहसिलाच्या अभिलेख कक्षातून नकला मिळतात. मोडीतली नक्कल असेल तर लिप्यंतर जोडा. गाव कोल्हापूर संस्थानात असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही विचारा.

लंडनचं शेवटी लिहितो, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि थकतात. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या जुन्या कचेरीच्या, जन्म-विवाह-दफनाच्या सूची मुख्यतः युरोपियनांच्या आहेत, आपला शिपाई तिथे सापडणार नाही. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची रजिस्टरं मिळाल्याची बातमी वाचून पुष्कळांनी विचारलं. ती पंजाबातल्या शिपायांची आहेत. पलटणींच्या युद्ध-डायऱ्यांत साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं.

तरी ब्रिटिश लायब्ररीतलं एक दफ्तर बघण्यासारखं आहे: फ्रान्समधल्या भारतीय शिपायांच्या टपालाच्या सेन्सॉरचे अहवाल, दफ्तर क्रमांक एल/एमआयएल/५/८२५ ते ८२८. शिपायांनी घरी आणि घरच्यांनी शिपायांना लिहिलेल्या पत्रांतले उतारे त्यांत इंग्रजीत उतरवलेले आहेत. मूळ पत्रं नाहीत आणि सगळी पत्रंही नाहीत. पणजोबा फ्रान्सला असतील तरच तिकडे जा. घरी पत्राचं पाकीट असेल तर त्यावरची तारीख घेऊन त्या आठवड्याचा अहवाल आधी उघडा.