रॉकफील्ड: दुधाच्या धंद्यातून निघालेला रॉक स्टुडिओ

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडवरचा २०१८चा सिनेमा ज्यांनी बघितलाय त्यांना ते शेतातलं घर आठवत असेल, जिथे चौघं बॅगा घेऊन उतरतात आणि आजूबाजूला नुसती शेतं नि जनावरं. सिनेमावाल्यांनी मसाला बराच घातलाय पण जागा मात्र खरी आहे. साउथ वेल्समध्ये मॉनमथ म्हणून एक छोटं शहर आहे, त्याच्या शेजारी रॉकफील्ड नावाचं खेडं (नावात रॉक आहे तो निव्वळ योगायोग, गाव जुनंच आहे) आणि तिथे वॉर्ड कुटुंबाची डेअरी. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या, दूध घालायचं, असा सरळ धंदा. या घरातली दोन पोरं, चार्ल्स आणि किंग्सली, यांना मात्र एल्व्हिस व्हायचं होतं.

एल्व्हिस काही ती झाली नाहीत. बँड काढला, गाणी लिहिली, लंडनला जो मीक नावाच्या रेकॉर्ड प्रोड्यूसरकडे जाऊन आली. हा जो मीक म्हणजे भन्नाट माणूस, होलोवे रोडवर एका चामड्याच्या सामानाच्या दुकानावर भाड्याची जागा घेऊन तिथेच त्याने स्टुडिओ थाटला होता आणि त्या खोल्यांतून 'टेलस्टार'सारखं १९६२चं जगभर गाजलेलं रेकॉर्ड काढलं होतं. म्हणजे घरात बसून रेकॉर्ड निघू शकतं याचा पुरावाच तो. वॉर्ड भावांनी मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याच शेतघराच्या माळ्यावर टेपरेकॉर्डर वगैरे मांडून स्टुडिओ चालू केला, आधी स्वतःसाठी, मग मित्रांसाठी, मग आसपासचे बँड यायला लागले. शेती चालूच होती. किंग्सलीची बायको अ‍ॅन बँकेत नोकरीला होती, ती नोकरी सोडून हिशेब बघायला लागली. हळूहळू जनावरं बाहेर आणि वाजवणारे आत असं सुरू झालं, आणि बँडवाल्यांना झोपायला जागा हवी म्हणून आजीच्या घरातली रिकामी खोली दिली.

या झोपायच्या जागेवरच सगळा इतिहास उभा आहे. त्या काळी इंग्लंडात रेकॉर्डिंग कसं व्हायचं ते बघा. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या अ‍ॅबी रोडसारख्या स्टुडिओत तीन-तीन तासांची सेशन्स ठरलेली, सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक, तंत्रज्ञ कोट घालून बसलेले, वेळ संपली की सामान आवरा. गाणं तयार करूनच जायचं, तिथे बसून शोधायचं नाही. बीटल्सनी त्यांच्या वजनावर हे नियम वाकवले पण वेल्समधल्या नवख्या पोरांना कोण वाकवू देणार? रॉकफील्डला १९६५च्या सुमारास राहायची सोय झाली आणि जगातला पहिला स्वतंत्र रेसिडेन्शियल स्टुडिओ म्हणून आज तोच सांगितला जातो. रात्री दोनला ड्रम्स बडवले तरी तक्रार करायला शेजारी नाही. घड्याळ नाही, लोकल पकडायची घाई नाही. भावांनी हे काही मोठा प्लॅन करून केलेलं नाही, त्यांच्याकडे रिकाम्या इमारती होत्या एवढंच.

पैसा कधी दिसला तर १९७० साली. कार्डिफचा डेव्ह एडमंड्स इथे पडीक असायचा, त्याने 'आय हिअर यू नॉकिंग' हे जुनं गाणं घेऊन जवळजवळ सगळी वाद्यं स्वतःच वाजवत, एकावर एक थर चढवत रेकॉर्ड केलं आणि ते ब्रिटनमध्ये सहा आठवडे एक नंबरवर राहिलं, ख्रिसमस धरून. त्याच वर्षी ब्लॅक सबाथची पोरं 'पॅरानॉइड'च्या गाण्यांची तालीम करायला इथे येऊन राहिली होती. मग काय, लंडनच्या कंपन्यांना पत्ता कळला. घोडागाडीच्या इमारतीत एक स्टुडिओ आधीच झाला होता, तो कोच हाउस, आणि त्र्याहत्तरच्या आसपास मधल्या चौकाभोवतीच्या इमारतीत दुसरा, तो क्वाड्रँगल. हॉकविंड आले, त्यांच्यातून हाकललेला लेमी पंचाहत्तरला मोटरहेड घेऊन परत आला. दगडी भिंतींच्या खोलीत ड्रम्सचा आवाज जो काय भरतो त्यासाठी लोक अजून कोच हाउस मागतात.

आता क्वीन. 'शीअर हार्ट अटॅक' या अल्बमचं थोडं काम त्यांनी १९७४मध्ये इथे केलं होतं, म्हणून पुढच्या ऑगस्टमध्ये परत आले आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला सुरुवात झाली. किंग्सली वॉर्डनी सांगितलंय की घोड्यांचं खोगीर-लगाम ठेवायच्या जुन्या खोलीत एक पियानो होता, त्यावर क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी हे गाणं पुरं करत बसायचा. इथे एक गैरसमज आहे तो सांगतो. अख्खं गाणं रॉकफील्डला झालं असं लोक ठोकून देतात, तसं नाही, इथे मुख्यतः पाया झाला म्हणजे पियानो, बास, ड्रम्स, आणि मध्ये जागा सोडलेली, की इथे ऑपेरा येणार. ऑपेराचे ते आवाजांचे डोंगर पुढे लंडनच्या वेगवेगळ्या स्टुडिओत आठवडेच्या आठवडे रचले, चोवीस ट्रॅकच्या टेपवर इतक्या वेळा आवाज उतरवून घेतले की टेप उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागली, असं त्यांचा गिटारवाला ब्रायन मे सांगतो. गाणं पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं, रेडिओवर कोण लावणार म्हणून कंपनी घाबरलेली, आणि ते नऊ आठवडे एक नंबर!

आणि आपल्याकडच्या लोकांना हे माहीत असतं तरी लिहितोच, हा फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, शाळेतल्या हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. बोर्डिंगात वाढलेल्या माणसाला सगळ्यांनी एकत्र राहून, एकत्र जेवून काम करायची ही पद्धत जड गेली नसणार, असं आपलं मला वाटतं. पुरावा काही नाही.

कॅनडाच्या रशने तर जागेचाच वाद्यासारखा वापर केला. १९७७च्या 'अ फेअरवेल टू किंग्ज'साठी काही भाग त्यांनी उघड्यावर चौकात रेकॉर्ड केले आणि पक्ष्यांची किलबिल चक्क रेकॉर्डमध्ये आहे, हेडफोन लावून ऐका. पुढच्या वर्षी 'हेमिस्फिअर्स'साठी परत आले तेव्हा मात्र काम संपता संपेना.

ऐंशीच्या आगेमागे न्यू वेव्हवाले येऊन गेले. सिंपल माइंड्स, अ‍ॅडम अँड द अँट्स, एको अँड द बनीमेन, इगी पॉपचा 'सोल्जर' इथलाच, लेड झेपेलिन हा बँड संपल्यावर त्याचा गायक रॉबर्ट प्लांटचा पहिला सोलो अल्बमही इथलाच. पण मधल्या काळात भाऊ वेगळे झाले. थोरला चार्ल्स जवळच नदीकाठी जी तालमीची जागा होती ती घेऊन बाहेर पडला, तिचा मॉनो व्हॅली स्टुडिओ झाला, आणि रॉकफील्ड किंग्सलीकडे राहिलं. भावाभावांच्या वाटण्यांबद्दल आपण मराठी माणसं काय बोलणार. नंतर सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि ड्रम मशीनचे दिवस आले, दगडी खोलीतल्या ड्रम्सची कुणाला गरज राहिली नाही, तो काळ वाईट गेला.

नव्वदीत पुन्हा गिटारवाल्यांची लाट आली आणि इथेच मला सगळ्यात गंमत वाटते, कारण वेळेचं दुधारी हत्यार इथे उघडं पडतं. स्टोन रोझेस दुसऱ्या अल्बमसाठी १९९३मध्ये येऊन राहिले ते वर्षभराहून जास्त राहिले. कुणी हाकलत नाही, पैसे कंपनीचे, मग काय घाई. अल्बम आला डिसेंबर ९४ला, तोवर त्यांनी स्वतः सुरू केलेली पार्टी दुसऱ्यांनी लुटली होती. त्या दुसऱ्यांपैकी ओएसिस. यांनी पहिल्या अल्बमचा पहिला प्रयत्न चार्ल्सच्या मॉनो व्हॅलीत केला होता, तो फसला आणि जवळजवळ सगळा टाकून द्यावा लागला. पण १९९५च्या मे महिन्यात रॉकफील्डला आले आणि दिवसाला जवळपास एक गाणं या स्पीडने '(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?' उरकला, 'वंडरवॉल'सकट. ओएसिसमधल्या दोन भावांपैकी गाणी लिहिणाऱ्या नोएलने गायक लियमला विचारलं होतं की 'वंडरवॉल' आणि 'डोंट लुक बॅक इन अँगर' यातलं कुठलं गाशील, एक तुझं एक माझं. मध्येच लियम पबमधून अनोळखी लोकांचा घोळका स्टुडिओवर घेऊन आला, त्यावरून जे भांडण झालं त्यात नोएलने भावाला क्रिकेटच्या बॅटने हाणलं. ती बॅट पुढे लिलावात विकली गेली, म्हणजे बघा. सेशन काही दिवस बंद पडलं आणि मग परत येऊन अल्बम पुरा झाला.

२०००च्या आधी कोल्डप्ले नावाचे कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले चौघे पहिल्या अल्बमसाठी आले होते. रात्री बाहेर पडले, आसपास शहराचा उजेड नाही, आभाळ ताऱ्यांनी भरलेलं, आणि 'यलो'ची पहिली ओळ तिथून आली. गाण्यात 'यलो' शब्द कुठून आला याच्या गोष्टी मात्र त्यांचा गायक ख्रिस मार्टिन दरवेळी वेगळ्या सांगतो, त्यामुळे त्यावर न बोललेलं बरं.

त्यानंतर लॅपटॉप आला आणि मोठे स्टुडिओ पटापट गेले. लंडनचा टाउनहाउस २००८ला बंद, ऑलिम्पिक २००९ला, ऑलिम्पिकमध्ये आता सिनेमा थिएटर आहे. यांचं भाडं, यांची शहरातली जमीन, बिल्डरला विकली तर जास्त पैसे, हे गणित सोपं होतं. रॉकफील्डला जमीन घरची, राहायचं घर तेच, कामाला घरचीच माणसं, म्हणून ते तगलं असं माझं मत. २०२०मध्ये त्यावर डॉक्युमेंटरी आली, चार्ल्स वॉर्ड २०२२मध्ये गेले. किंग्सली आणि अ‍ॅनची मुलगी लिसा आता कारभार बघते, आणि दोन्ही स्टुडिओ, कोच हाउस आणि क्वाड्रँगल, राहण्या-खाण्यासकट अजूनही बुकिंग घेतात.