आयपॉडचे रीफॉर्मॅटिंग आणि रॉकबॉक्स

मॅक संगणकाला जोडून वापरासाठी तयार केलेल्या जुन्या आयपॉडची, म्हणजे ॲपलच्या संगीत प्लेअरची, डिस्क पुसून ती फॅट32 या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) नव्याने फॉर्मॅट करणे आणि त्यानंतर ॲपलच्या फर्मवेअरसोबत (यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरसोबत) रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर बसवणे, अशी ही दोन टप्प्यांची प्रक्रिया आहे. फॉर्मॅट आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्यांची कायम गल्लत होते. डिस्कवरची गाणी पहिल्या टप्प्यात जातात. दुसऱ्या टप्प्यात एकाही गाण्याला धक्का लागत नाही.

आयपॉड 23 ऑक्टोबर 2001 रोजी सादर झाला, तेव्हा तो फक्त मॅकसाठी होता. त्यातली 1.8 इंची, 5 जीबीची हार्ड डिस्क साहजिकच मॅकच्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टीममध्ये फॉर्मॅट केलेली असे. 2002 मध्ये विंडोजसाठी वेगळी आवृत्ती आली आणि तिच्यात फॅट32 वापरले गेले. पुढच्या पिढ्यांत यंत्र एकच राहिले. पहिल्यांदा ते ज्या संगणकावर तयार केले जाई, त्यानुसार त्याचा फॉर्मॅट ठरत असे. या छंदातले लोक या दोन प्रकारांना ‘मॅकपॉड’ आणि ‘विनपॉड’ म्हणतात. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. त्यामुळे आपल्या हाती कोणता आहे, हे आयपॉडच्या सेटिंग्जमधल्या माहितीच्या पानावर किंवा संगणकाला जोडूनच कळते.

रॉकबॉक्सला फॅट32 च का लागते, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. 2001 च्या अखेरीस स्वीडनमधील ब्यॉर्न स्टेनबर्ग, लिनस नील्सन फेल्टसिंग आणि डॅनियल स्टेनबर्ग या प्रोग्रामरांनी आर्कोस ज्यूकबॉक्स या प्लेअरसाठी स्वतंत्र फर्मवेअर लिहायला घेतले. आर्कोस सुरू होताना डिस्कवर ठरावीक नावाची फाइल आहे का ते पाही आणि असली तर तीच चालवी. ही डिस्क फॅट32 मध्ये होती, त्यामुळे रॉकबॉक्सचे डिस्क वाचणारे सारे काम त्याच पायावर उभे राहिले. आयपॉडच्या अंतर्रचनेचा बराचसा उलगडा आयपॉडवर लिनक्स चालवू पाहणाऱ्या आयपॉडलिनक्स या प्रकल्पाने आधीच केला होता. त्या आधारावर रॉकबॉक्स आयपॉडवर आले, पण एचएफएस प्लस वाचण्याची सोय त्यात कधीच आली नाही. म्हणून मॅकपॉडला आधी विनपॉड व्हावे लागते.

आयपॉडच्या डिस्कवर दोन पार्टिशन, म्हणजे वेगळे केलेले भाग, असतात. पहिले लहान असते आणि त्यात फर्मवेअर असते. दुसऱ्यात गाणी आणि बाकीचा डेटा असतो. मॅकपॉडवर पार्टिशनची नोंद ॲपलच्या पद्धतीच्या तक्त्यात असते, तर विनपॉडवर ती पीसीच्या मास्टर बूट रेकॉर्डमध्ये, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या नोंदीत. त्यामुळे फक्त दुसरे पार्टिशन फॅट32 करून भागत नाही, तक्ताही बदलावा लागतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे विंडोजवरील आयट्यून्स या ॲपलच्या प्रोग्राममधून आयपॉड ‘रिस्टोअर’ करणे, म्हणजे डिस्क पुसून तो मूळ स्थितीत आणणे. विंडोज हाताशी नसेल, तर रॉकबॉक्सच्याच आयपॉडपॅचर या साधनात रूपांतराची सोय आहे. लिनक्सवर त्या त्या मॉडेलसाठी तयार केलेला मास्टर बूट रेकॉर्ड डिस्कच्या सुरुवातीला लिहून मग फॅट32 फॉर्मॅट करता येते. इथे मॉडेल अचूक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. 2006 च्या 80 जीबी व्हिडिओ आयपॉडच्या डिस्कचे सेक्टर (डेटा साठवण्याचे सर्वांत लहान कप्पे) नेहमीच्या 512 ऐवजी 2048 बाइटचे आहेत. दुसऱ्या मॉडेलचा तक्ता त्यावर लिहिला तर पार्टिशनच्या सीमा भलतीकडेच पडतात. संगणकाच्या साध्या ‘फॉर्मॅट’ आज्ञेने काम उरकू नये असे सांगतात, त्यामागेही कारण आहे. विंडोजचे स्वतःचे फॉर्मॅट साधन दीर्घकाळ 32 जीबीहून मोठे फॅट32 पार्टिशन करूच देत नसे.

यात गाणी जातात, आणि ती परत येत नाहीत. आयपॉडवरच्या फाइलींना आयट्यून्स चार अक्षरांची निरर्थक नावे देऊन एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. त्यामुळे अनेकांना आपली गाणी कुठे आहेत हेच माहीत नसते. पण ते फोल्डर जसेच्या तसे संगणकावर उतरवले की पुरते, कारण गाण्याचे आणि गायकाचे नाव फाइलीतल्या टॅगमध्ये शाबूत असते. फॉर्मॅट करण्याआधी ही प्रत घेणे टाळण्यासारखे कोणतेही कारण मला दिसत नाही. ज्या यंत्रात कुणाचा दहा-पंधरा वर्षांचा संग्रह आहे, तिथे घाई करू नये.

यंत्रच कायमचे बंद पडेल, ही भीती मात्र बऱ्याच अंशी अनाठायी आहे. व्हिडिओ, मिनी आणि त्या काळच्या पोर्टलप्लेअर चिपच्या आयपॉडमध्ये ‘डिस्क मोड’ (यंत्र संगणकाला साध्या डिस्कसारखे दिसण्याची सोय) हार्ड डिस्कवर नसून वेगळ्या फ्लॅश मेमरीत असतो. पार्टिशन तक्ता पूर्ण बिघडला तरी मेन्यू आणि मधले बटण काही सेकंद दाबून यंत्र रीसेट करायचे आणि ॲपलचे चिन्ह दिसताच मधले बटण व प्ले दाबून धरायचे. आयपॉड डिस्क मोडमध्ये जातो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करता येते. 2007 पासूनच्या आयपॉड क्लासिकला हे सगळे जसेच्या तसे लागू पडत नाही. त्याची चिप वेगळी, फर्मवेअर कूटबद्ध आणि रॉकबॉक्सचा बूटलोडर (सुरुवातीला चालून फर्मवेअर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) थेट फ्लॅश मेमरीत लिहावा लागतो, म्हणून तिथे अधिक जपून काम करावे लागते.

फॉर्मॅट झाल्यावर उरलेले काम थोडे आहे. आयपॉडपॅचर पहिल्या पार्टिशनमध्ये छोटा बूटलोडर लिहितो आणि बाकीचे रॉकबॉक्स एका फोल्डरच्या रूपात गाण्यांच्या पार्टिशनवर ठेवले जाते. ॲपलचे फर्मवेअर तिथेच राहते. यंत्र सुरू होताच होल्डचे बटण सरकवले की तेच चालू होते.

यानंतर आयपॉड साध्या डिस्कसारखा वागतो. गाणी हव्या त्या फोल्डरमध्ये ओढून टाकायची, आयट्यून्सची गरज नाही. ॲपलच्या फर्मवेअरवर न वाजणारे फ्लॅक आणि ऑग व्हॉर्बिस या प्रकारच्या ध्वनिफाइली वाजतात, आणि दोन गाण्यांमधला खंडही जातो. माझ्या मते याहून मोठी सोय म्हणजे बोलता मेन्यू. यंत्र प्रत्येक पर्याय आणि फोल्डरचे नाव वाचून दाखवते. त्यामुळे दृष्टिहीन व्यक्ती, काचेवरचे काहीही न पाहता, चाकाच्या आधारे स्वतःचा संग्रह चाळू शकते. केवळ या एका सोयीसाठीही ही खटपट करावी.

जीर्ण हार्ड डिस्क काढून अडॅप्टरवर एसडी कार्ड बसवलेल्या आयपॉडलाही हीच पद्धत लागू होते. कार्ड कोरे असल्याने तिथे रिस्टोअर करावेच लागते, आणि ते विंडोजवर केले की फॅट32 आपोआप मिळते. मूळ स्थितीत परतायचे झाले तर पुन्हा रिस्टोअर करायचे. त्यात रॉकबॉक्सचा बूटलोडर, त्याचे फोल्डर आणि त्या वेळी डिस्कवर असलेली गाणी, सारे पुसले जाते.